पिकअप म्हणजे पिकअपच!

आमच्या सानगडीत इंग्रजीचा जाणकार म्हणून माझं नाव घेतात. यात माझी लायकी थोडी आणि गावाचा मोठेपणा जास्त. शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवली, एवढ्याच भांडवलावर निवृत्तीनंतरही माझ्याकडे कागद येत असतात. बँकेचं पत्र, औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं, फवारणीच्या डब्यात घडी घालून ठेवलेली चिठ्ठी. कागद आणणारा म्हणतो, 'सर, हे काय मनते पाहा जी.' मी चष्मा पुसतो, घसा खाकरतो आणि कागद जे म्हणत असावा असं मला वाटतं ते सांगतो. आजवर कुणी तक्रार घेऊन परत आलेलं नाही. औषध घेतलेल्यांपैकीसुद्धा नाही.

हा सगळा लौकिक मे महिन्यात एका सकाळी साकोलीच्या बसस्टँडवर गेला.

माझ्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न पुण्याच्या मुलाशी ठरलं. पूर्वी आमच्याकडे मुलगी लाखांदूरला दिली तरी बायका आठ दिवस रडायच्या. आता मुलगी नागपूरला शिकते, पुण्याला नोकरी करते आणि तिथेच नवरा ठरवून आपल्याला फोनवर कळवते, तेव्हा रडायला वेळच मिळत नाही. लग्न मात्र सानगडीतच करायचं, एवढं तिने बापाचं ऐकलं. लग्नाच्या आदल्या दिवशी मुलाकडची पहिली तुकडी यायची होती. अकरा माणसं. नागपूरहून ट्रॅव्हल्सने पहाटे साकोलीला उतरायची. त्यांचा फोनवर मेसेज आला, तोही शुद्ध इंग्रजीत: 'काइंडली अरेंज पिक-अप फ्रॉम साकोली, सिक्स ए.एम.'

मेसेज आला तेव्हा मी अंगणात फणस कापत होतो. ज्याने फणस कापला आहे त्याला सांगायला नको की त्या वेळी माणूस कुणाचाच नसतो. कोपरापर्यंत तेल, त्यावर चीक, चष्मा आत कोनाड्यात. चुलतभाऊ धावत आला आणि फोन माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, 'दादा, पिकअप पायजे मनतात. पिकअप मंजे पिकअपच न?'

आता सांगा, यावर दुसरं काय उत्तर देणार? मी म्हणालो, 'पिकअप म्हणजे पिकअपच.'

एकतीस वर्षांत मी इंग्रजीचं इतकं बिनचूक भाषांतर केलं नव्हतं.

सानगडीत पिकअप म्हणजे काय हे पुण्याच्या माणसाला कळायचं नाही. पिकअप म्हणजे ती मागे उघडा हौदा असलेली पांढरी गाडी. दिवाळीनंतर ती धानाची पोती खरेदी केंद्रावर नेते, आषाढात खताची पोती घरी आणते. बाजाराच्या दिवशी बकऱ्या, लग्नसराईत मांडवाचे बांबू, गणपतीत गणपती, आणि रात्री-अपरात्री कुणाच्या पोटात दुखायला लागलं तर तो माणूस. मंडईच्या नाटकाचे पडदे तीच आणते आणि नाटक उजाडेपर्यंत चाललं तर पडद्यांवर झोपलेली पोरंही तीच घरोघर पोचवते. गावात एखाद्याने पिकअप घेतली की त्याला आधी कर्ज होतं आणि मग मान मिळतो. ती स्त्रीलिंगी की पुल्लिंगी यावर एकमत नाही. नवी असते तोवर 'तो पिकअप', हप्ते थकले की 'ती पिकअप', असा माझा अनुभव आहे.

तेव्हा पाहुण्यांनी पिकअप मागितला, याचा चुलतभावाला थोडा अभिमानच वाटला. पुण्याची माणसं असून कार मागितली नाही, साधी माणसं दिसतात, असं तो दिवसभर सगळ्यांना सांगत हिंडला. गाडी त्याने दोनदा धुऊन घेतली. हौद्यात आधी तणस, तणशीवर दरी, दरीवर चार गाद्या आणि दोन लोड. पुढे आंब्याचं तोरण. आदल्या आठवड्यात त्याच गाडीने उन्हाळी धान नेलं होतं, त्यामुळे फटीफटीत कोंडा बसला होता. तो झटकता झटकत नव्हता. त्यावर अत्तर शिंपडलं. माल वाहायच्या गाडीत माणसं बसवू नयेत असा कायदा आहे आणि तो योग्यच आहे, हे मी एक माजी शिक्षक म्हणून इथे नोंदवून ठेवतो. त्या दिवशी नोंदवलं नाही.

पहाटे साकोलीला मीही गेलो. इंग्रजी बोलायची वेळ आलीच तर असावा म्हणून मला नेलं होतं. मुंबई-कोलकाता महामार्गावर ट्रॅव्हल्स थांबली, अकरा माणसं आणि एकवीस बॅगा उतरल्या. व्याह्यांनी इकडेतिकडे पाहिलं. आम्ही हार घातले. व्याही म्हणाले, 'छान, छान. बॅगांसाठी गाडी आणलीत, हे फार बरं केलंत. आणि आमच्यासाठी?'

चुलतभावाने हौद्याचं मागचं फळकूट खाली पाडलं आणि अदबीने म्हणाला, 'हाच जी. पिकअप.'

त्यानंतर जी शांतता पसरली ती मी शाळेत फक्त एकदाच अनुभवली होती, शिक्षणाधिकारी वर्गात येऊन फळा वाचत उभे होते तेव्हा.

मुलाच्या आजीला ड्रायव्हरशेजारी बसवलं. बाकीचे दहाजण एकमेकांना हात देत वर चढले. सगळ्यांत आधी चढली ती मुलाची भाची. नववीतली पोर, जन्मापासून ह्यूस्टनला वाढलेली, मामाच्या लग्नाला आलेली. आई-बाप लोडाला टेकावं की उभं राहावं या विचारात होते, तेवढ्यात ती तणशीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, 'पण बाबा, हा पिकअपच तर आहे! आपल्याकडे सगळ्यांकडे असतो तोच!'

टेक्ससच्या पोरीने असा निकाल दिल्यावर मी चुलतभावाकडे पाहिलं. त्याने मिशीवरून हात फिरवला.

पुढे मी मुद्दाम शोधलं. हौदेवाल्या गाडीला 'पिकअप' हे नाव लावून फोर्ड कंपनीने आपली मॉडेल टी बाजारात आणली ती 1925 साली. आणि क्रियापदाला 'अप', 'ऑफ', 'आउट' अशी शेपटी लावून जो प्रकार इंग्रजी माणूस करतो, त्याला 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव लोगन पिअर्सल स्मिथ यांनी आपल्या पुस्तकातून छापील केलं तेही 1925 सालीच. म्हणजे रोग आणि गाडी एकाच वर्षी नावारूपाला आले. साकोलीच्या स्टँडवर हे माहीत असतं तर तिथेच सांगितलं असतं. उपयोग झाला नसता, पण मास्तर बोलल्यासारखा वाटला असता.

अर्धी वाट गेल्यावर गाडी धापा टाकायला लागली. ड्रायव्हरने गिअर बदलला, पुन्हा बदलला, आणि खिडकीतून मान बाहेर काढून मागे ओरडला, 'काकाजी, पिकअप नाई घेऊन रायली!'

व्याही घाबरले. 'कुणाला नाही घेत?'

मी समजावलं, पिकअप घेत नाही म्हणजे वेग धरत नाही. इंजिनाचा जोर कमी झाला आहे. ते म्हणाले, 'म्हणजे पिकअपला पिकअप नाही?' मी म्हणालो, 'बरोबर.' ते गप्प बसले. पुढच्या फाट्यावर डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई हात करून उभी होती. ड्रायव्हरने सवयीने ब्रेक मारला, बाई सवयीने चढली, आणि टोपली विहीणबाईंच्या मांडीजवळ ठेवून म्हणाली, 'सरका जी थोडं.' ह्यूस्टनची पोर खूश होऊन ओरडली, 'वी पिक्ड हर अप!'

म्हणजे पिकअप करायला पिकअप गेला, पिकअपला पिकअप नव्हता, तरी वाटेत त्याने एक पिकअप केला. या वाक्यात मराठी किती आणि इंग्रजी किती हे मला कुणी काढून द्यावं.

इंग्रजीच्या या शेपट्यांशी माझं वैर जुनं आहे. आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीत भेटली. पहिलीपासून इंग्रजी आली ती 2000 साली. आम्ही तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेले, म्हणजे शब्दाला शब्द आणि वाक्याला वाक्य. 'पिक' म्हणजे वेचणे, 'अप' म्हणजे वर, बेरीज करा आणि मोकळे व्हा. हीच बेरीज पुढे मी पोरांना शिकवली आणि पोरांनी ती माझ्या अंगावर उलटवली. एकदा सहामाहीच्या पेपरात 'गिव्ह अप' वाक्यात वापरून त्याचा मराठी अर्थ लिहा, असा प्रश्न टाकला होता. एका पोराने 'गिव्ह' म्हणजे देणे आणि 'अप' म्हणजे वर, असं धरून लिहिलं: 'माझ्या बाबांनी तंबाखूला वर दिला.' मी लाल रेघ ओढायला पेन टेकवला आणि थांबलो. त्याच्या बापाला मी ओळखत होतो. शंकराने भस्मासुराला दिला तसाच वर होता तो; अर्धा मार्क दिला.

'पिक अप'चा अर्थ तर भंडारा जिल्ह्यातल्या पोराला विचारायची सोयच नाही. फळ्यावर शब्द लिहून मी वळलो की मागून आवाज यायचा, 'पीक वर येते जी.' धानाच्या मुलखात दुसरं काय वर येणार? रोवणी झालेल्या बांधीत पाणी साचलंय, धुऱ्यावर बाप उभा आहे आणि पीक वर येतंय. पिक अप. त्या पोराला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नसे. गंमत म्हणजे 'द क्रॉप पिक्ड अप आफ्टर द रेन' हे वाक्य इंग्रजीतही चालतं. चुकीच्या रस्त्याने गेलेली आमची पोरं कधीकधी माझ्याआधी मुक्कामावर पोचायची.

आणि 'अप' म्हणजे वर, हे तरी कुठे खरं आहे? 'शट अप' म्हटल्यावर काय वर जातं? 'ईट अप', 'ड्रिंक अप' यांत तर सगळं खालीच जातं. इंग्रजांनाही याचा पत्ता होता. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी 1755 साली आपला मोठा शब्दकोश काढला, त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी कबूल करून टाकलं आहे की क्रियापदाला असे फुटकळ शब्द चिकटवून अर्थ बदलायची आमच्या भाषेला खोड आहे आणि परक्या माणसाला सगळ्यांत जास्त त्रास होतो तो याचाच. अडीचशे वर्षांपूर्वी साहेबाने लेखी कबुली दिली आणि मी मात्र तीस वर्षं पोरांना 'सोपं आहे, पाठ करा' म्हणत राहिलो.

असो. गाडी सानगडीत शिरली. मांडवात चहा-पोहे झाले आणि पाहुण्यांची भीड चेपली. मग जो तो आपापला पिकअप सांगायला लागला.

मुलाचे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंता. ते म्हणाले, आमच्या खात्यात पिकअप म्हणजे बंधारा. वरच्या धरणातून नदीत पाणी सोडायचं आणि खाली बंधारा घालून ते पुन्हा उचलून कालव्यात घ्यायचं, त्याला पिकअप बंधारा म्हणतात. भंडारदऱ्याचं पाणी प्रवरेवर ओझरला असंच उचलतात. आमचे एक वडीलधारे इतका वेळ डुलक्या घेत होते, ते 'भंडारदरा' ऐकून जागे झाले आणि म्हणाले, 'आमच्या भंडाऱ्याचं पानी प्रवरेले कोनं नेलं?' त्यांना शांत करण्यात दहा मिनिटं गेली. वैनगंगेचं पाणी जिथल्या तिथे आहे अशी खात्री पटल्यावरच ते पुन्हा झोपले. मुलाची एक आत्या कोकणातली. त्यांच्याकडे एसटीची वाट पाहायला रस्त्याकडेला जी शेड असते ती पिकअप शेड. 'तिथे बसलो तर कुणी पिकअप करतंच असं नाही,' त्या म्हणाल्या.

चुलतभाऊ मंडईच्या नाटकात खलनायकाचं काम करतो. झाडीपट्टीत नाटक म्हणजे काय, हे पाहुण्यांना सांगावं लागलं: दिवाळीनंतर गावोगाव मंडई, रात्रभर तीन अंक, आणि शेजारच्या गावात त्याच रात्री दुसरं नाटक. त्याचा पिकअप निराळाच निघाला. समोरच्याचं वाक्य पडायच्या आत आपलं वाक्य उचलायचं, तो पिकअप. दोन वाक्यांच्या मधे खोकायला जागा राहिली की प्रॉम्प्टर पडद्याआडून ओरडतो, 'पिकअप, पिकअप!' एकदा एका नवख्याने ते आपलं वाक्य समजून प्रेक्षकांकडे पाहत मोठ्याने म्हटलं होतं. टाळ्या पडल्या.

मी हे सगळं ऐकत होतो. अकरा पाहुणे, त्यांचे चार-पाच पिकअप, आणि प्रत्येकाला आपलाच खरा वाटतो आहे. इंग्रजीला नावं ठेवायला याहून चांगला मुहूर्त सापडला नसता. मी सुरुवातही केली. मराठी कशी सरळ भाषा, बोलतो तशी लिहितो, लिहितो तसाच अर्थ, वगैरे. तेवढ्यात जेवणाची पहिली पंगत बसली आणि चुलतभावाची बायको ह्यूस्टनच्या पोरीला म्हणाली, 'बाई, तू जेवून घे.'

पोरगी माझ्याजवळ आली. तिच्याकडे एक छोटी वही होती, तीत ती मराठी लिहून घेत असे. तिने विचारलं, 'आजोबा, जेवून घे म्हणजे जेवल्यानंतर काय घ्यायचं?'

मी म्हणालो, 'काही घ्यायचं नाही. नुसतं जेवायचं.'

'मग घे का म्हणाल्या?'

मी घसा खाकरला. हा माझा नेहमीचा उपाय. ती थांबली होती. वहीचं पान उलटून तिने सकाळपासूनची यादी वाचून दाखवली. ड्रायव्हर म्हणाला, मी विसरून गेलो. तो कुठे गेला? मामा म्हणाला, तिला सांगून टाक. काय टाकायचं आणि कुठे? काकू म्हणाल्या, तो भलतंच करून बसला; पण तो तर उभा होता. आजी म्हणाली, गाडीत कंबर मोडून निघाली. कंबर कुठे निघाली? व्याह्यांच्या तोंडचं एक वाक्य तिने खुणेने वेगळं लिहिलं होतं: 'आता आलोच आहोत तर सहन करून टाकू.'

व्याकरणाच्या पुस्तकात याला संयुक्त क्रियापद म्हणतात. नाव सांगितलं. नाव सांगितल्याने काही सुटत नाही, हे मला एकतीस वर्षांच्या नोकरीत कळलं होतं आणि तिला एका मिनिटात कळलं. तिने वहीत लिहिलं: 'मराठी फ्रेझल व्हर्ब्स.' मी तो शब्द वाचला आणि जॉन्सनसाहेबांची मनातल्या मनात माफी मागितली. साहेबाने शेपटी लावली ती निदान दोन अक्षरी. आम्ही क्रियापदाच्या मागे अख्खं दुसरं क्रियापद बांधतो, ट्रॅक्टरला ट्रॉली बांधावी तसं, आणि पुन्हा म्हणतो, ट्रॉली रिकामीच आहे, तिच्याकडे पाहू नका.

जेवताना तिने पुढचा प्रश्न काढला. पिक अपला मराठीत काय म्हणतात? मी पटकन म्हणालो, उचलणे. हे म्हटलं आणि माझ्याच पायाखालची दरी सरकली. कारण मागेच दोन माणसं बोलत होती ती धानाच्या उचलीबद्दल. खरेदी केंद्रावर धान घेतलं, गोदाम भरलं, पण गिरणीवाल्यांकडून उचल नाही, म्हणून पुढची खरेदी बंद. हे आमच्या जिल्ह्याचं दर वर्षीचं रडगाणं. त्यांच्या शेजारी एकजण आपल्या गड्याने घेतलेल्या उचलीबद्दल कुरकुरत होता. ती उचल म्हणजे आगाऊ मजुरी, आणि ती घेतलेला गडी सहसा दिसत नाही. मांडवाच्या तोंडाशी कुणाच्या तरी पुतण्याला पोलिसांनी उचलल्याची बातमी चालू होती. नवरीची मैत्रीण फोन कानाला लावून म्हणत होती, 'उचलत का नाही हा?' आणि पंगतीत माझ्या समोरचे गृहस्थ व्याह्यांना सांगत होते की सरांचं म्हणणं आम्ही गावात नेहमीच उचलून धरतो.

पोरीने विचारलं, 'फोन उचल? पण तो तर तिच्या हातातच आहे.' खरं होतं. काळा जड फोन टेबलावर असायचा तेव्हा तो उचलावा लागे. आता उचलायला काही उरलं नाही, नुसतं बोट फिरवायचं. पण मराठी माणूस उचलतोच आहे आणि इंग्रजी माणूसही पिक अपच करतो आहे. या एका बाबतीत दोघांत भांडण नाही. पोलिसांच्या बाबतीतही नाही. तेही दोन्हीकडे उचलतातच.

फरक पडतो तो पुढे. लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' 1987 साली आलं, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याचा इंग्रजी अनुवाद झाला तेव्हा नाव ठेवावं लागलं 'द ब्रँडेड'. इंग्रजीला सगळं उचलता येतं, उचल्या तेवढा उचलता आला नाही.

एवढं झाल्यावर माझ्यातला मास्तर जागा झाला. मी म्हटलं, बेटा, तुमच्याकडे एकच पिक आहे, आमच्याकडे कामागणिक वेगळं आहे. तिला मांडवामागे नेलं. एक बाई तांदळातले खडे निवडत होती, दुसरी परसातली भाजी खुडत होती. आदल्या रात्रीच्या वादळात पडलेले आंबे पोरं वेचत होती. कोंबड्या दाणे टिपत होत्या. चैत्रात पहाटे मोहफुलं वेचतात, मे महिन्यात तेंदूची पानं तोडतात, कापलेल्या धानाचा कडपा उचलतात आणि मळणीनंतर शेतात राहिलेला सरवा पुन्हा वेचतात. पोरगी भराभर लिहीत होती. मग तिने विचारलं, 'आणि खाली पडलेलं पेन?' मी म्हणालो, 'उचलतात.' 'पेनं खूप पडली असली तर?' मी विचारात पडलो. खूप असली तर वेचतात. पण किती झाली की उचलण्याचं वेचणं होतं, हे तर्खडकरांनी कुठे सांगितलेलं नाही.

पंगतीतला भात एचएमटीचा होता, त्यावरूनही एक प्रकरण निघालं. व्याही म्हणाले, घड्याळाच्या नावाचा भात? तेव्हा सांगावं लागलं. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे, दीडेक एकराचे शेतकरी. 1983 साली पटेल-3 जातीच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेचून ठेवल्या, वर्षानुवर्षं पेरत आणि निवडत गेले, आणि त्यातून हा बारीक तांदूळ निघाला. विकायला नेला तर त्याला नाव नव्हतं. त्या काळी एचएमटीच्या घड्याळांची चलती होती, तेच नाव पडलं. 2018 साली दादाजी गेले. भात देशभर गेला आहे. ह्यूस्टनची पोर एवढं ऐकून म्हणाली, 'ही पिक्ड इट आउट.' या वेळी मी भाषांतर केलं नाही. वेचून काढलं, हे मराठीतही नेमकं असंच आहे, शेपटीसकट.

दुपारी ती गावाबाहेरचा किल्ला पाहायला निघाली. लोक त्याला सहानगड म्हणतात. जाता जाता तिने गावाच्या नावाची फोड केली. सान म्हणजे लहान, हे तिला ठाऊक होतं. गडी म्हणजे माणूस, हे तिने नुकतंच उचलीच्या गोष्टीत वहीत घेतलं होतं. 'म्हणजे सानगडी, स्मॉल गाय!' ती म्हणाली. ओसरीवर बसलेल्या आमच्या काकूंनी सुपारी कातरणं थांबवलं आणि मला विचारलं, 'सर, आपल्या गावाले वासरू मनते का जी हे?'

लग्न नीट पार पडलं. निरोपाच्या दिवशी आम्ही साकोलीहून दोन कार मागवल्या, थंड हवेच्या, काचा बंद होणाऱ्या. व्याही बसले, विहीणबाई बसल्या. आजी बसायला तयार होईनात. त्यांना पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारचीच जागा हवी होती, कारण येताना ड्रायव्हरने त्यांना रस्त्यावरच्या प्रत्येक तळ्याचं नाव सांगितलं होतं आणि जाताना उरलेल्यांची सांगतो म्हणाला होता. मग आजी पिकअपमध्ये, पोरगी मागे तणशीवर, आणि दोन्ही कार मागून हळूहळू, कारण पिकअपला पिकअप नव्हता.

दिवाळीच्या सुमारास पुण्याहून पुन्हा मेसेज आला. मंडईचं नाटक पाहायला पाचजण येतो आहोत, पिकअप पाठवावा. या वेळी मी आतून चष्मा आणला आणि चुलतभावासमोर तीनदा वाचलं. शंका नको म्हणून व्याह्यांना फोन लावला, त्यांनी तो उचललाही. मी विचारलं, पिकअप म्हणजे नेमकं काय पाठवायचं? ते म्हणाले, 'मास्तर, पिकअप म्हणजे पिकअपच.'

गाडी तीच आहे. साकोली ते सानगडी आठशे रुपये, गाद्या आपल्या.